बेचाळिसावा रकाना

१

विजेच्या गाडीची फाइल हरवल्याचं सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जाहीर झालं, आणि ऑफिसात एकाच्याही हातातला चहाचा कप हलला नाही.

कंपनीचा धंदा साधा होता. तीन वर्षं कुणीतरी चालवलेल्या विजेच्या गाड्या परत यायच्या, धुतल्या जायच्या, बॅटरीत किती जीव उरलाय ते मोजलं जायचं आणि नव्या गाडीच्या निम्म्या हप्त्यात त्या दुसऱ्या कुणाला भाड्याने दिल्या जायच्या. तळमजल्यावर गाड्या, पहिल्या मजल्यावर कागद. दुसऱ्या मजल्यावर काय आहे, ते कुणी मुद्दाम विचारत नसे.

हरवलेली फाइल सुईताईंची होती. सुईताई घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त काढायच्या. नाव पेशंटांनीच पाडलेलं. रोजची सोळा घरं, आणि सोळाच्या सोळा शहराच्या मधल्या भागात. त्या भागात उद्यापासून पेट्रोलच्या गाड्यांना बंदी होती. काढलेलं रक्त दोन तासांत प्रयोगशाळेत पोचावं लागतं. तेव्हा उद्या विजेची गाडी नसेल तर तुमची घरं दुसऱ्याला देऊ, असं प्रयोगशाळेने त्यांना लेखी कळवलं होतं. खाली उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छाही दिल्या होत्या.

इथे येण्याआधी त्यांनी अकरा कंपन्यांचे उंबरे झिजवले होते. एकीकडे सुरुवातीला काहीच भरायचं नव्हतं, पण शेवटचा हप्ता खुद्द गाडीपेक्षा मोठा होता. दुसरीकडे गाडी स्वस्त, पण बॅटरीचं भाडं वेगळं. म्हणजे घोडा तुमचा, पाय आमचे. तिसरीकडे महिन्याला पाचशे किलोमीटरचीच परवानगी होती, म्हणजे दर वीस तारखेला ताई हातात सुई घेऊन रस्त्यात उभ्या. बारावी ही कंपनी. इथला सवलतीचा हप्ता त्यांच्या कमाईच्या पाचव्या हिश्शात बसत होता, आणि सवलत आज संध्याकाळी पाचला संपत होती. पाच वाजून एका मिनिटाला तीच गाडी, तोच रंग, हप्ता दुप्पट.

"बसा ताई, शोधतोय," असं त्यांना तिसऱ्यांदा सांगण्यात आलं. त्या पहिल्यापासून बसलेल्याच होत्या.

हे सगळं तपासनीस खांबाला टेकून बघत होता. गाडी मागणारा माणूस सांगितलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का, हे जाऊन बघायचं त्याचं काम. आठ वर्षं तो लोकांच्या बेल वाजवत होता. सुईताईंच्या घरीही तोच गेला होता. तिसरा मजला, दोन खोल्या, कानाने कमी ऐकणारी आई. फ्रिजच्या एका कप्प्यावर 'हे खायचं नाही' अशी चिठ्ठी. सहा वर्षांत एकही नमुना खराब होऊ दिला नाही, हे ताईंनी वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. निघताना त्याने जिन्यातच बसून फॉर्म भरला होता; बेचाळीस रकाने, बेचाळीसच्या बेचाळीस. फाइल हरवली म्हणजे त्याचाही अहवाल हरवला होता.

आजची कामं घ्यायला तो भिंतीवरच्या खणांकडे गेला. शेजारचा खण दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका तपासनिसाचा होता. कंप्युटरला ते कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या नावाने अजून रोज कामं निघायची. आजही तीन होती.

जिवंत तपासनिसाचा खण मात्र रिकामा होता. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

२

कपाटांच्या किल्ल्या मावशींकडे असत. किल्लीमावशींचा कमरेचा जुडगा वाजला की लोक सावरून बसत. त्यांच्या परवानगीशिवाय त्या खोलीतून झुरळ जरी बाहेर पडलं, तरी त्याची नोंद वहीत व्हायची.

तपासनिसाने विचारलं की फाइल शेवटची कुणी पाहिली. मावशींनी वही उघडली, बोट फिरवलं, एका ओळीवर थांबल्या आणि शांतपणे त्या ओळीवर कोपर टेकवलं.

"मावशी, कोपर."

"दुखतंय रे. टेकवलं की बरं वाटतं."

त्याने गेल्या आठवड्याची आठवण काढली. हिशेबाच्या टेबलावरच्या हप्तेकाकांचं स्टेपलर हरवलं होतं तेव्हा मावशींनीच दाराला कडी घातली होती, सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या होत्या, दोन दिवस भिंतीवर सूचना चिकटवली होती. शेवटी स्टेपलर काकांच्याच ड्रॉवरमध्ये निघालं, तेव्हा मावशींनी काकांना सगळ्यांची माफी मागायला लावली होती. आणि आज अख्खी फाइल गेली तर कोपर दुखतंय?

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आल्यावर नातेवाईक एकमेकांकडे बघतात तसं.

"घरी सगळं ठीक आहे ना? बायकोची नोकरी चालू आहे?"

"आहे. का?"

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून पुटपुटल्या, "हरवली नाही रे, बाबा. नेली." आणि कोपर तसंच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी त्याच्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

३

नेली, तर कुणी?

पहिला संशय हप्तेकाकांवर. काका हप्त्यांची गणितं करायचे आणि सवलतीचा हप्ता त्यांना वैयक्तिक अपमान वाटायचा. स्वस्तात गाडी मिळाली की माणूस बिघडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ते स्वतः चालत यायचे.

काकांनी बसायला खुर्ची दिली नाही. ती कधीच देत नसत, तेव्हा त्यात काही नवीन नव्हतं. नवीन एवढंच, की त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. आठ वर्षांत त्या पुड्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता.

"सवलत गेली तर वाईट वाटेल का काका?"

"मला?" काका म्हणाले. "बाईंचे कागद चोख आहेत. मी पाच मिनिटांत चढवीन. फाइल आणून दे, आत्ता चढवतो."

"अहवाल बरोबर होता ना माझा?"

काकांनी बिस्किट चहात बुडवलं आणि बोलायला इतका वेळ लावला की ते तुटून कपात पडलं. एरवी अशा वेळी काका दोन दिवस बोलत नसत. आज त्यांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहवालात एक्केचाळीस रकाने भरायचे असतात," ते म्हणाले. "तू हुशार आहेस. पण माणसाने एक्केचाळीसवर थांबावं."

फॉर्मवर बेचाळीस आहेत, असं तो म्हणेपर्यंत काकांनी कॅलक्युलेटर ओढलं आणि कसलाही आकडा न टाकता बेरजेचं बटण दाबत राहिले. पुढे विचारण्यात अर्थ नव्हता.

दुसरा संशय गोडबोल्यावर. तो गाड्या विकायचा आणि नव्या गाडीवर त्याला तिप्पट कमिशन सुटायचं. ताईंची सवलत बुडाली की त्यांना नवी गाडी दाखवायला तो मोकळा. हेतू म्हणावा असा हेतू इथेच होता, आणि तपासनिसाला हुरूप आला.

गोडबोल्या जिन्यातच भेटला. हातात छत्री. बाहेर लख्ख ऊन.

"ही तुझी," तो म्हणाला.

छत्री खरंच त्याची होती. दोन वर्षांपूर्वी गोडबोल्याने पाच मिनिटांसाठी नेली होती आणि तेव्हापासून ती छत्री आपल्याला लग्नात मिळाली असं तो शपथेवर सांगत आला होता.

"आजच का?"

"राहून जायला नको," गोडबोल्या म्हणाला. त्याच्या आवाजात इतका खरेपणा होता की तपासनिसाच्या अंगावर काटा आला. या माणसाला त्याने कधी खरं बोलताना ऐकलं नव्हतं.

४

चार वाजले. तपासनीस छत्री घेऊन बाकावर सुईताईंच्या शेजारी बसला. ताईंच्या मांडीवर उद्याच्या घरांची यादी होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला नमुन्यांची निळी पेटी, रिकामी.

"दादा, मिळेल का हो?" त्यांनी विचारलं. "नाही तर सरळ नाही सांगा. मला सवय आहे. पण मग आईला फोन करायला हवा. तिला फोनवर सांगायचं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला सांगायचं, म्हणून इथली गर्दी ओसरली की करीन म्हणते."

तो उत्तर देणार, तोच त्याला खोलीकडे नीट बघावंसं वाटलं.

काका चहा पीत होते. मावशी जुडग्यातल्या किल्ल्या पुसत होत्या. गोडबोल्या एका गिऱ्हाइकाला गाडीचा दरवाजा किती छान बंद होतो ते सहाव्यांदा ऐकवत होता. सकाळपासून फाइल हरवली होती आणि सकाळपासून एकाही माणसाने एकही ड्रॉवर उघडला नव्हता. स्टेपलरसाठी दोन दिवस भिंती खरवडणारी माणसं. ज्या वस्तूला कुणी शोधत नाही, ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

सगळ्यांना, म्हणजे त्याला सोडून.

मग बाकीचं आपोआप घडी उलगडल्यासारखं सुटत गेलं. मावशींनी कोपराखाली झाकलं ते गिऱ्हाइकापासून नव्हे, त्याच्यापासून. उधार वस्तू आणि राहून गेलेली बिस्किटं माणूस केव्हा देऊन टाकतो? समोरचा निघाला की. खण रिकामा का? निघालेल्या माणसाला काम देत नाहीत. आणि या ऑफिसात निघालेल्या माणसालाच ते सांगायचं नाही, असा एकच प्रसंग होता. कामावर रुजू होताना सही केलेल्या नियमांत तो छापलेला होता: ज्याची चौकशी चालू आहे, त्याला ती कळू द्यायची नाही, गिऱ्हाइकालाही नाही, संबंधित फाइल 'सापडत नाही' असं सांगायचं.

चौकशी त्याची होती. फाइल दुसऱ्या मजल्यावर होती.

गुन्हा तेवढा कळत नव्हता. त्याने काकांचं वाक्य परत मनात म्हणून पाहिलं, आणि मग त्याला आठवलं. बेचाळिसावा रकाना. फॉर्मच्या तळाशी, 'अन्य शेरा'. आठ वर्षं त्याने तो रिकामा सोडला होता. सगळेच सोडायचे. त्या दिवशी जिन्यात बसून त्याने मात्र त्यात लिहिलं होतं.

"ताई, बसा," तो उठत म्हणाला. हे वाक्य आज चौथ्यांदा झालं.

५

दुसऱ्या मजल्यावर दक्षता विभाग होता. विभाग म्हणजे एक मॅडम, एक टेबल आणि एकच खुर्ची, जिच्यावर मॅडम बसल्या होत्या. टेबलावर सुईताईंची फाइल.

"तुम्ही यायला नको होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला हे माहीत नाहीये."

"बरोबर आहे. मला काही माहीत नाही. पण फाइल पाचच्या आत खाली हवी."

मॅडमनी शेवटचं पान उघडलं आणि त्याचंच अक्षर त्याला वाचून दाखवलं. "बाई विश्वासू आहेत. यांना गाडी मिळायलाच हवी." मग चष्मा काढला. "तुमचे पाच हजार दोनशे अहवाल काढले मी. शेरा एकातही नाही. याच बाईंच्या बाबतीत का?"

"तसं वाटलं म्हणून."

मॅडमनी लिहिलं: कारण देता आले नाही.

"त्यांच्याकडे काही घेतलंत?"

"पाणी."

"किती?"

"दोन ग्लास. तिसरा मजला होता."

मॅडमनी 'दोन' या शब्दाखाली रेघ मारली. त्या वाईट नव्हत्या. चुकून चांगलं लिहिलेलं एखाद्याला किती महागात पडतं, हे त्यांनी बराच काळ पाहिलं असावं. त्याने शेरा मागे घेतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या की मागे घेतला म्हणजे आधी दबावाखाली लिहिला होता. मग लिहिलंय ते खरं आहे, असं त्याने सांगितलं. तेच तर सिद्ध करायला चौकशीचे सात दिवस असतात, असं उत्तर आलं. दुसरा तपासनीस पाठवा म्हणावं, तर तोही सात दिवसांनीच. वाईट शेरा असता तर, मॅडम म्हणाल्या, फाइल अर्ध्या तासात खाली गेली असती. वाईट लिहिण्यासाठी कुणी पैसे देत नाही.

भिंतीवरचं घड्याळ चार चाळीस दाखवत होतं.

"एकच वाट आहे," मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "चौकशी कर्मचाऱ्याची असते. कर्मचारीच नसेल तर चौकशी कुणाची करणार? ती बंद. फाइल मोकळी."

तो थोडा वेळ उभा राहिला. बसायला तर काही नव्हतंच. मग त्याने कोरा कागद मागितला. मॅडमनी कागद दिला, वर स्वतःचं पेनही दिलं. या इमारतीत न मागता पेन देणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

राजीनामा दोन ओळींचा झाला. बायकोला काय सांगायचं, ते तो जिन्यात ठरवणार होता, पण फाइल हातात आल्यावर तो जिना धावतच उतरला.

६

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी त्याने फाइल काकांच्या टेबलावर ठेवली आणि ऑफिस जागं झालं. मावशींनी न सांगता शिक्क्यांचं कपाट उघडलं. गोडबोल्या गिऱ्हाइकाला दरवाज्यात अर्धवट सोडून ताईंच्या सह्या घ्यायला पळाला. काका एका बोटाने टाइप करायचे. आज त्यांनी दुसरंही बोट काढलं. ताई उठून उभ्या राहिल्या होत्या, पहिल्यांदाच. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायला लागलं होतं, ते बघू नये म्हणून तपासनिसाने छत्रीकडे बघितलं.

चार त्रेपन्नला काका थांबले.

पडद्यावर लिहिलं होतं: तपासनीस क्रमांक रद्द. अहवाल ग्राह्य नाही.

मॅडमनी राजीनामा नोंदवला होता, आणि कंप्युटरने तो वाचला होता. वारलेल्या माणसाची बातमी दोन वर्षांत ज्याच्यापर्यंत पोचली नव्हती, त्याला हा राजीनामा तेरा मिनिटांत पोचला. त्या ऑफिसात आजवर एकही काम वेळेत झालं नव्हतं. आज झालं.

मग गोडबोल्याने हळूच शेजारच्या खणाकडे बोट दाखवलं. काकांनी, ज्यांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता, वारलेल्या तपासनिसाचा क्रमांक टाकला. पडद्याने तो आनंदाने स्वीकारला. ताईंची फाइल वर चढू लागली. मावशींनी डोळे मिटून जुडगा छातीशी धरला.

चार अठ्ठावन्नला पडद्याने तपासनिसाचा अंगठा मागितला.

तिथे मात्र सगळे एकमेकांकडे बघत राहिले. पाच वाजले तेव्हाही ते तसेच उभे होते. कंप्युटरने काकांना नवा हप्ता दाखवला. काकांनी तो ताईंना वाचून दाखवला नाही; पडदाच भिंतीकडे फिरवला.

७

ताईंनी त्याला घरी सोडते म्हटलं. पेट्रोल आजच संपवायचं होतं.

मधल्या भागाच्या वेशीवर दोन माणसं शिडी लावून नवी पाटी बसवत होती. एकाने खिळा तोंडात धरून त्यांना हात केला. "जाऊ द्या गाडी. आजपर्यंत चालतं."

पुढच्या सिग्नलला ताईंनी विचारलं, "दादा, तुम्ही लिहिलं काय होतं?"

त्याने सांगितलं. दोन्ही वाक्यं.

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, तरी गाडी हलेना. मग त्यांनी गिअर टाकला. त्या रागावल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. पेशंटचा हात सुजला तर बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "तेवढं रिकामं सोडायचं ना, दादा."

त्याच्या घरापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि उद्याची यादी त्याच्या हातात दिली. चालत गेलं तर दोन तासांत पेटी घेऊन सहा घरं होतात, सोळा होत नाहीत. उरलेली दहा आज रात्रीच्या आत प्रयोगशाळेला परत कळवायची. कुठली दहा, ते त्यांच्याच्याने ठरत नव्हतं. सहा वर्षांची माणसं होती; एकीची शीर सापडायला वीस मिनिटं लागायची आणि ती ताईंशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. "तुम्ही यांना ओळखत नाही, म्हणून तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "तुमचं कामच होतं ते."

खिशात दक्षता मॅडमचं पेन राहिलं होतं. त्याने पत्त्यांवरून बोट फिरवलं, लांबची घरं शोधली आणि एकेक करत दहा नावांवर रेघ ओढली. प्रत्येक नावापुढे, उजव्या कडेला, शेऱ्यासाठी थोडी जागा होती. एका नावापुढे ताईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: डावा हात, बोलत राहावे. ते नाव दहांतलं होतं.

त्याने तिथे क्षणभर पेन धरलं. मग टोपण लावलं, आणि यादी परत दिली.